कर्जात माझंही नाव

रविवार, ८ मार्च

चि. बाळ्या,

खूप आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? तिला जिना जपून चढायला सांग. माझ्या कामावर नुसती झुंबड आहे. सगळ्या गावाला एकदमच दात पाडून घ्यायची हुक्की आलीय की काय कोण जाणे. कवळ्या करून करून बोटांचं मेण सुटत नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं.

तुझ्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी कर्ज काढायला मी आणि तुझे भावोजी बँकेत गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधीच एका गृहकर्जात सहकर्जदार आहात. हप्ते थकलेत. नवीन कर्ज नाही मिळणार."

भावोजी हसले. "दुसरी कुणी असेल हो. सारखी नावं असतात."

तिने पत्ता वाचून दाखवला. तुझ्या घराचा.

"माझी बायको मला विचारल्याशिवाय साधा पडदा बदलत नाही," ते म्हणाले, "ती कर्जावर सही करेल? म्हणजे मेहुण्यानेच खोटी सही ठोकली." मग माझ्याकडे वळून, "हो ना गं?"

मी मान खाली घातली. त्यांना तो होकार वाटला. आणि बाळ्या, मी तो वाटू दिला.

त्यांनी तक्रारीचा कागद मागितला. तुझं नाव लिहिलं, तुझ्या कामाचा पत्ता लिहिला. खाली सही करायला पेन टेकवलं, तेव्हा कुठे माझ्या तोंडातून निघालं, "सही माझीच आहे."

त्यांनी त्या मुलीची माफी मागितली. माझ्याशी घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "त्याला चोर ठरवेपर्यंत गप्प बसलीस."

तू म्हणाला होतास, "ताई, नुसतं नाव लागतं, हप्ते मीच भरणार." मी भोळेपणाने फसले असं कुणाला सांगायची सोय नाही. बँकेतल्या साहेबांनी मला बजावलं होतं, त्याने नाही भरले तर तुम्हाला भरावे लागतील. कळूनसवरून सही केली. माझ्या सहीवाचून कुणाचं काही अडतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. बरं वाटलं. भावोजींना सांगितलं असतं तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, म्हणून सांगितलं नाही.

भाचीने यंदाचा प्रवेश सोडला. "मामाला काही बोलू नकोस," म्हणाली. मी बोलतेय.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुझं काम सुटलं, हे मला नंतर बाहेरून कळलं; तेव्हाच मला सांगायला हवं होतंस. मला बँकेकडून कळायची वाट बघितलीस. आता बँकेने जप्त करण्याआधी घर विकायला काढ. ग्राहक शोधायला मी तुझ्याबरोबर फिरेन.

आणि इकडे ये. भावोजी तुला आत बोलावतील, त्यांचा स्वभाव तू जाणतोस. पाणीही तेच आणून देतील. मी स्वयंपाकघरातून लवकर बाहेर आले नाही, तर समजून घे.

तुझ्यासाठी सही केलेली, आणि तुझ्यासाठी वेळेवर तोंड न उघडलेली,
ताई