तासाला साठ

४ मार्च, सोमवार

आमच्या पोरीला पहिलं एकटीचं काम मिळालं, आणि कुठे मिळालं — माझ्याच लाँड्रीत! हॉस्पिटलची लाँड्री. एकोणतीस वर्षं मी तिथे चादरींच्या घड्या घातल्या. आता माझी नात तिथे पायात बूट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून जाणार आणि साहेब तिला खुर्ची देणार. मला एकोणतीस वर्षांत स्टूल मिळालं नाही. आता साहेब दुसरा आहे म्हणा, पण खुर्ची तीच असेल.

पोरगी म्हणजे माझ्या लेकीची लेक, माझ्याकडेच राहते. कंपनीत लागून पाच महिने झाले. सहा महिने बघतात, मग कायम करतात नाहीतर घरी बसवतात. हे काम साधलं तर कायम. उद्यापासून सुरू.

५ मार्च, मंगळवार

शेजारीण विचारते, "तुमची नात करते तरी काय?" म्हटलं, लोकांना काम शिकवते. "कोणाला, बेकारांना?" नाही, जे कामावर आहेत त्यांनाच. "मग इतके दिवस ते काय करत होते?" म्हटलं, विचारून सांगते.

संध्याकाळी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, माझं काम शिकवण्याचं कमी, बघण्याचं जास्त. काम कुठे अडतंय ते बघायचं. कधी माणसाला येतच नसतं. कधी येत असतं, पण टेबल उंच असतं. कधी येतं, टेबलही ठीक, पण जीव ओतून केलं तरी पदरात काही पडत नाही. शिकवून त्यातलं पहिलंच तेवढं दुरुस्त होतं." म्हणून पहिले तीन दिवस नुसतं बघणार म्हणे. बघण्याचा पगार! मी आयुष्यभर फुकट बघत आले.

चष्म्याची काडी पुन्हा निघाली. दोरा बांधलाय.

६ मार्च, बुधवार

जेवताना पोरगी म्हणाली, "आजी, एक गंमत आहे. तीन महिन्यांची नवी बाई तासाला साठ चादरींची घडी घालते. वीस वर्षांची जुनी, तीही साठ. एकीचाही आकडा एकसष्ट नाही. हॉस्पिटलने दोन मजले वाढवलेत, साहेबांना पंचाहत्तर हव्यात. ते म्हणतात, बायकांना येत नाही, शिकवा."

"मग शिकव की," म्हटलं आणि पाणी आणायला उठले. तांब्या भरलेलाच होता.

७ मार्च

मन खातंय.

९ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचणार आहे? चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर. दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही.

साठ हा आकडा माझा आहे.

मी तेव्हा तिशीत होते. चादर मशीनमधून गरम यायची आणि गार व्हायच्या आत थप्पीवर पडायची. कोपरे चिमटीत, एक झटका, डाग-भोक बघायचं, पोटाशी दुमडायची, हाताच्या कडेने दाबायची, झालं. एक दिवस तासाला ब्याण्णव घातल्या. साहेबाने माझा फोटो भिंतीवर लावला. मी घरी येऊन लेकीला सांगितलं, तुझी आई भिंतीवर आहे बघ. किती मिरवले!

पुढच्या महिन्यात सगळ्यांचा आकडा पन्नासाचा ऐंशी झाला. फोटो माझा आणि खांदे सगळ्यांचे गेले. माझ्या समोरच्या टेबलाला एक डावरी होती. घडी अशी सुरेख की बघत राहावं, पण सावकाश. तिला ऐंशी झेपेनात. तीन महिन्यांत तिला काढली. जाताना मला म्हणाली, "फोटो छान आलाय गं." टोमणा होता की मनापासून, मला अजून कळलेलं नाही.

मग मीच सगळ्यांना जमवलं. साठ. एकसष्टावी कोणी घालायची नाही. साहेब ओरडला, रजा बंद केल्या, शेवटी दमला. तेव्हापासून नवी बाई आली की दुसऱ्या दिवशी चहाला तिच्या कानाशी लागून सांगायचं, "हळू गं बाई." बारा वर्षं मी सांगितलं. निघताना ते काम मोठीकडे सोपवलं. मोठी म्हणजे आता तिथली सगळ्यांत जुनी. माझ्या हाताखाली आली तेव्हा वेणीला रिबीन बांधायची.

सोमवारपासून पोरगी पाच दिवस ट्रेनिंग देणार. आकडा साठच राहणार आणि ठपका हिच्यावर येणार. सांगावं तर मोठी उघडी पडते. कोणाचं बघू?

१० मार्च, रविवार

सांगितलं. पोरगी माझे केस विंचरत होती तेव्हा सांगितलं, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. फोटो, डावरी, साठ, सगळं.

ती विंचरतच राहिली. मग म्हणाली, "आजी, घरात ऐकलेलं मी कामावर नेत नाही. त्या बायकांनी आपणहून साहेबांसमोर सांगितलं तरच उपयोग. नाहीतर साहेब उद्या मोठीला काढतील आणि परवा आकडा नव्वद करतील."

"आणि तुझी नोकरी?"

"बघू." आणि गुंता असा ओढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुंत्यानेच आलं.

१२ मार्च, मंगळवार

मोठीकडे जाऊन आले. पोरीला सांगितलेलं नाही. तीन जिने, गुडघा पायरीपायरीला कुरकुरला. म्हटलं, "ती ट्रेनिंगवाली आहे ना, माझी नात ती."

मोठीचा कप हातातच थांबला. "ती? तुमची?"

"माझीच. साठचा शब्द मी घातला होता, आज मीच सोडवते. साहेबांसमोर बोला."

"ताई, शब्द तुमचा असेल. खांदे आमचे आहेत. आज पंचाहत्तर दिल्या की सहा महिन्यांत नव्वद मागतील. हे तुम्हाला मी सांगायचं?"

मीच तर शिकवलेलं. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बघू." सगळ्यांचं बघूच चाललंय.

१४ मार्च, गुरुवार

मोठी बोलली!

पोरीने आल्या आल्या सांगितलं. ट्रेनिंगचा चौथा दिवस. साहेब मागच्या बाकावर येऊन बसलेले. पडद्यावर कोपरे कसे धरावेत त्याची चित्रं चाललेली. मोठी उठली. "मॅडम, चित्रं बंद करा. घडी आम्हाला येते." टेबलाशी गेली, साहेबांना म्हणाली, "दहा मिनिटं घड्याळ बघा." साठच्या चालीने दहा चादरी व्हायच्या, हिने पंधरा घातल्या. "आता विचारा, रोज का घालत नाही." साहेबांनी विचारलं. मग सगळ्याच बोलायला लागल्या, एकीचं दुसरीला ऐकू जाईना.

१५ मार्च, शुक्रवार

पोरीने अहवाल लिहिला. मला वाचून दाखवला, निम्मा कळला. मतलब एवढाच — या बायकांना ट्रेनिंग नको. आकडा पंचाहत्तर ठरवा, दोन वर्षं वाढवणार नाही असं सहीनिशी लिहून भिंतीवर लावा, आणि दर दोन तासांनी खांद्यांना दहा मिनिटं सुट्टी द्या.

तिच्या कंपनीचे साहेब भडकलेत. "शिकवायला पाठवलं, आणि शिकवू नका म्हणून लिहून आलीस? मग आपण विकायचं काय?" ही म्हणाली, दिसलं ते लिहिलं. जेवली मात्र नाही.

१९ मार्च

काही कळलेलं नाही. शेजारीण दोनदा विचारून गेली.

२२ मार्च, शुक्रवार

सही झाली. कागद भिंतीवर लागला. माझा फोटो होता तिथेच लावला की काय, विचारायला हवं. दोन दिवस सगळ्यांच्या पंचाहत्तर भरतायत. लाँड्रीच्या साहेबांनी कंपनीला कळवलं, आमच्या आणखी दोन लाँड्र्या आहेत, तिथेही हीच मुलगी पाठवा. आणि पोरगी कायम झाली!

शेजारणीला सांगितलं, ही सगळी माझ्या तीन जिन्यांची करामत. तिला जिन्यांचं काही कळलं नाही, पण मान डोलावली. रात्री जेवताना पोरीलाही सांगून टाकलं, मोठीकडे गेले होते म्हणून. "आजी नसती तर काय केलं असतंस?" ती हसली. "खरंय गं आजी," म्हणाली.

२४ मार्च, रविवार

मोठी आली होती. म्हटलं, माझा शब्द राखलास हो. ती खाली बघून म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमच्यामुळे नाही बोलले मी. तुमची नात पहिले तीन दिवस आमच्याच टेबलावर घड्या घालत होती. मला वाटलं नवी बाई. दुसऱ्या दिवशी चहाला मीच तिला सांगितलं, हळू गं बाई, साठच. सोमवारी बघते तर ती पडद्याजवळ उभी. रोज वाटायचं, आज साहेब बोलावणार. आठ दिवस तिने तोंड उघडलं नाही. म्हणून मी उघडलं."