नौका म्हणजे काय

गुरुजी,

तुमच्या तपकिरीच्या डबीविरुद्ध मला रीतसर फिर्याद करायची आहे. शेवटच्या आजारात ती तुम्ही मला दिलीत, पण झाकण ढिले आहे हे सांगितले नाहीत. लिहायला बसलो की सरकारी कागदावर तपकीर सांडते, साहेब शिंकतो आणि राज्य डळमळल्यासारखा माझ्याकडे पाहतो. तुम्ही म्हणाला असता, "डबी कसली ढिली? तूच ढिला, गाढवा."

कल्याण बंदराच्या कचेरीत मी इंग्रजी हुकूम मराठीत उतरवतो. तुमच्या पाठशाळेत मी एकदा पाटीवर 'मचवा' हा कोळ्यांच्या होडीचा शब्द लिहिला होता. तुम्ही पाटी ओसरीखाली ठेवलीत. "खाडीत धुऊन आण. मासळीचा वास येतो हिला." सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून बंदरावरचा शब्द माझ्या लेखणीतून उतरला नाही.

पाच वर्षांमागे, ऐन वैशाखात, सरकारला समुद्रापार फौज न्यायची होती. हुकूम आला की व्यापाऱ्यांची मोठी गलबते सरकारकामी धरावी. 'गलबत' मला गावंढळ वाटले, आणि 'मोठी' काही वाक्याच्या तालात बसेना. मी लिहिले, 'बंदरातील सर्व नौका धराव्या.' हवालदार कागद घेऊन उभाच.

"रावसाहेब, नौका म्हंजे काय? गलबत का होडी?"

"अरे, पाण्यावर जे जे तरते ते."

"मग भोपळापण धरू?"

आम्ही दोघे पोटभर हसलो. त्याने भोपळे तेवढे सोडले.

खाडीच्या खालच्या अंगाच्या मिठागरांवर गोडे पाणी नाही. ते रोज होडीने, मडक्यांतून जाते. त्या होड्याही धरल्या गेल्या आणि आमच्या बंदराच्या चिखलात अडकल्या. समुद्रात त्या जायच्याच नव्हत्या, तेव्हा नुसत्या बांधून राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक आगरी चिखल तुडवत कचेरीत आला. "भटजी, माजी होरी कंच्या लराईला जाते? ती त ठान्यापल्यार पन कदी गेली नाय." मी म्हणालो, अर्ज लिहून आण. त्याला लिहिता येत नाही हे मला दिसत होते, गुरुजी.

आठव्या दिवशी होड्या सुटल्या. तोवर खड्ड्यांतले पाणी पिऊन मिठागरावर जरीमरी लागली होती. त्या आगऱ्याची बायको गेली. तो अजून त्याच होडीतून पाणी नेतो, आणि मी दिसलो की रामराम करतो. एकदा तरी शिवी द्यावी त्याने. साहेबाने मात्र माझ्या शुद्ध मराठीबद्दल चांगला शेरा लिहिला.

आज तसाच हुकूम पुन्हा माझ्यापुढे आहे. शत्रूची जहाजे येणार अशी आवई उठली आहे. या खेपेस मी लिहिले आहे, 'मोठी गलबते धरावी. मचवे, होड्या यांस हात लावू नये.' तुमची पाटी पुन्हा बाटवली.

हे पत्र धाडायचे कुठे? डबीखाली ठेवतो. इतकी वर्षे मनात तुम्हालाच दोष देत आलो. खरे सांगायचे तर हवालदाराने विचारले तेव्हा तुमची पाटी मला आठवलीही नव्हती. माझे उत्तर मलाच फार आवडले होते, इतकेच. उद्या तो हुकमाचा कागद न्यायला हवालदार येईल, पुन्हा काहीतरी विचारील, आणि मला पुन्हा एखादे छानसे उत्तर सुचेल, याचीच मला धास्ती वाटते.