तास आधी, तेजी मागून

१२ जुलै १९८८
आजपासून नियमित लिहायचं. भावी पर्सोनेल ऑफिसरला शिस्त हवी.
आज टाइम ऑफिसात भजी आली, ती इंग्रजी पेपरात बांधून. भजी खाऊन पेपर वाचला. अमेरिकेत म्हणे कारखान्यातल्या माणसाचे आठवड्याचे सरासरी तास मोजतात आणि त्यावरून देशाचं भविष्य सांगतात. मागणी वाढली की मालक आधी ओव्हरटाइम देतो, नवी माणसं नंतर घेतो. तास आधी, तेजी मागून. आमच्या पंख्यांच्या कारखान्यात हे तास कोण मोजतं? मी! इतकी वर्षं स्वतःला नुसता टाइमकीपर समजत होतो. मी अर्थतज्ज्ञ आहे.

२३ जुलै
सरासरी अठ्ठेचाळीसवरून बावन्न. भिंतीवर ग्राफ लावला. वाइंडिंगमधला दगडू बघून म्हणाला, कुणाला ताप आलाय काय, साहेब? अडाणी.

२ ऑगस्ट, रात्री
मेव्हणा महिपत आलेला. कोपर गावात पिठाची गिरणी काढतोय. घरचा माणूस हवा, भागीत घेतो, गणपतीपर्यंत सांगा म्हणाला. मी हसलो. बी.कॉम.चा एकच विषय राहिलेला माणूस दळण दळणार? नंदा हसली नाही. भर पावसात एवढे पंखे घेतं कोण, असं तिने मलाच विचारलं. माहेरचं वळण, दुसरं काय.

२० ऑगस्ट
छप्पन्न! बदली कामगारांना काढलं, तरी उत्पादन तेवढंच. याला म्हणतात कार्यक्षमता. कॅन्टीनमध्येही पंख्यांची खोकी रचलीत, चहा उभ्याने घेतला. कच्च्या मालाचं स्टोअर निम्मं रिकामं झालंय. खपच तसा आहे! परचेसवाले मात्र नवी ऑर्डर देत नाहीत. आळशी लेकाचे.

२७ ऑगस्ट
दगडूला पाणीखात्यात नोकरी लागतेय. त्याचं भलं व्हावं म्हणून तासभर समजावलं, ग्राफवर बोट ठेवून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं. तुमचं बरोबर हाय साहेब, म्हणाला आणि राजीनामा टेबलावर ठेवून गेला. दैव देतं आणि कर्म नेतं.

११ सप्टेंबर
महिपतला नकार कळवला. वर फुकटचा सल्लाही दिला की गिरणी आमच्या कारखान्यापाशी हलव, इथे माणसं वाढणार आहेत. तो म्हणाला, मग शेजारच्या काळुरामला भागीत घेतो. घे बापडा. नंदा दोन दिवस बोलत नाहीये. शांतता आहे. ग्राफ नीट रंगवून घेतला.

५ ऑक्टोबर
छप्पन्नवर टिकून. मालक स्वतः आलेले. त्यांना ग्राफ दाखवला, तेजीचं सांगितलं. त्यांनी जवळ येऊन पाहिला. मग म्हणाले, हा भिंतीवरून काढा, कुणाला दाखवू नका. साहजिकच आहे. गोपनीय माहिती! ऑफिसरकीचं पत्र दिवाळीला नक्की.

१९ ऑक्टोबर
खंडेनवमी. सगळ्या मशिनांची पूजा. पंचिंगच्या घड्याळाला मी स्वतः झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं.

२१ ऑक्टोबर, सकाळी ८
दसऱ्याची सुट्टी संपवून गेलो तर गेटला कुलूप. आतून ट्रक निघत होते. मशिनं लादलेली, माळांसकट. एक्स्पोर्ट! वॉचमनला तसं म्हणालोसुद्धा. वॉचमन म्हणाला, कसला एक्स्पोर्ट, शेटनी कारखाना सिल्वासाला हलवला, हितला कच्चा माल संपवायचा होता म्हणून ओव्हरटाइम चाललेला.
मला खरं वाटेना. तेवढ्यात शेवटच्या ट्रकवर घड्याळ दिसलं. माळ तशीच होती. फार वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर
ग्राफ चुकला नव्हता. मालक चुकला.

१४ डिसेंबर
महिपतची गिरणी. भागीदार काळुराम गल्ल्यावर बसतो, मी दळण टाकतो. नंदाच्या शब्दाखातर ठेवलंय, असं महिपत रोज सांगतो. पीठ नाकात जातं. तरी माझा अभ्यास चालू आहे. गेल्या आठवड्यात माझे अठ्ठ्याहत्तर तास भरले. तेजी दाराशी आली आहे. नंदा डबा घेऊन आली, तिला सांगितलं, ती म्हणाली, आधी गिरणीचा पट्टा बघा, घसरलाय.
संध्याकाळी दगडू गहू घेऊन आला, खाकी कपड्यांत. साडेपाचलाच सुटतो म्हणे. आठवड्याला जेमतेम चाळीस तास! असल्या लोकांमुळेच देश मागे राहिला. बारीक काढा साहेब, म्हणाला. काढलं.
जाताना नोट माझ्या हातावर ठेवून म्हणाला, सुटे राहू द्या, साहेब.
राहू दिले.