कुत्रं चावलं नव्हतं

बाबा, मागच्या मे महिन्यात आम्ही मोटारीनं नेपाळला जाऊन आलो. परदेश म्हटलं की विमान, असं तुम्हाला वाटायचं आणि मलाही वाटायचं. पण रायपूरहून निघून बनारस, गोरखपूर करत गेलं की सीमेवर एक कमान लागते आणि तिच्याखालून गाडी गेली की दुसरा देश. रस्त्यावरची धूळ तीच, माणसंही तशीच. तुम्ही गेल्यावर जन्मलेली माझी मुलगी, जावई, त्यांची सात वर्षांची पोर आणि त्यांचा कुत्रा, असे आम्ही निघालो. मला जायचं नव्हतं. गॅस बंद केला की नाही, कूलरची तार काढली की नाही, म्हणून मी तीनदा घरात परत गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा आता गाडीत, नाहीतर इथंच पावसाळा लागन." मी बसलो, पण अभ्यास न झालेल्या पोरासारखा बसलो. टायर गरम झाले असतील काय, कुत्रा फार धापा टाकून राहिला काय, हेच माझं दोन दिवस चाललं होतं.

कुत्र्याच्या कागदांची फाइल माझ्या मांडीवर होती. त्याच्या टोचण्यांची वही, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, सगळं मी प्लास्टिकमध्ये घातलं होतं. सीमेवरच्या माणसानं त्या वहीचं पान अन् पान पाहिलं आणि माझं मतदार कार्ड नुसतं उलटून परत दिलं. जावई हसला. तो आपल्या रायपूरचाच, घरात हिंदी बोलतो. म्हणाला, "बाबूजी, इसके कागज आपसे ज्यादा पक्के हैं." मीही हसलो. कारण ते खरंच आहे. माझ्याजवळ सातवी नापासाचाही कागद नाही.

पोखऱ्याच्या घाटात एका हॉटेलापाशी आम्ही जेवायला थांबलो. मी कुत्र्याचा पट्टा धरून बाहेर उभा होतो. कोणीतरी टाकलेलं कोंबडीचं हाड त्यानं उचललं. कोंबडीचं हाड घशात अडकतं असं मी कुठं तरी ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलं की माझ्या डोक्यातून काही जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याच्या तोंडात हात घातला. तो गुरगुरला, मी तरी ओढलं, आणि त्याचा दात माझ्या अंगठ्यात गेला. रक्त आलं. पोर ओरडत आत गेली, सगळे धावत बाहेर आले. पुढच्या गावातल्या दवाखान्यात साबणानं हात धुतला, दंडात एक सुई दिली, पुढच्या सुयांच्या तारखा लिहून दिल्या. आता पोटात देत नाहीत, बाबा.

गाडी परत निघाली. मग जावई समोर बघत म्हणाला, "घर में बच्ची है. आज बाबूजी को काटा, कल इसको काटेगा. लौटते ही अभनपुर छोड़ आऊँगा, चाचा के खेत में." पोर रडायला लागली. मी म्हणालो, चूक माझी आहे, मीच तोंडात हात घातला. मुलगी मागं वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याची बाजू घेऊन राहिले. तुम्ही तर मांजरालेही भेता, तुम्ही काहून हात घालान?" आता काय सांगावं. जन्मभर सगळ्याला भीत आलेला माणूस कुत्र्याच्या तोंडात हात घालतो, हे कोणाला पटत नव्हतं. अभनपुरच्या शेतावरची कुत्री मी पाहिली आहेत. गाडीत गादीवर झोपणारा हा कुत्रा त्यांच्यात आठ दिवस टिकला नसता. जावई म्हणाला, "बाबूजी, सच बोलिए. आप कसम से बोल दो, तो मैं मान लूँगा."

सच बोलिए म्हणाला, म्हणून मला तुमची आठवण आली. ब्राह्मणपाऱ्यातली, आपल्या जुन्या मोहल्ल्यातली ती दुपार. मी अकरा वर्षांचा आहे, दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर आहे आणि मी शेजाऱ्यांच्या झाडावर कैऱ्या तोडतो आहे. खाली पडतो ते खिळे असलेल्या फळीवर. पोटरीत दोन भोकं पडतात, बाजूबाजूला. तुम्ही मालधक्क्यावरून लवकर आलेले, दारातच उभे. कैऱ्या मी आधीच फेकल्या आहेत, पण तुमचा हात कसा पडतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही वाकून पाय पाहता आणि तुमचा चेहरा एकदम उतरतो. "कुत्रं चावलं काय रे?" तुम्ही विचारता. मला सुचलंही नसतं, बाबा. मी म्हणालो, "हव." "कोन्या कुत्र्यानं? दाखव मले." मंदिराच्या पायरीशी एक तांबडं कुत्रं झोपलेलं होतं. मी ते दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, चौदा इंजेक्शनं, पोटात, रोज एक. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, जगलं तर पुढची नकोत. पाऱ्यातल्या दोघांनी बांबूनं दाबून त्याला लिंबाला बांधलं. तुम्ही रोज अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. सुई टोचली की माझ्या डोळ्यांवर हात धरायचे आणि येताना उसाचा रस पाजायचे. त्याआधी तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. पेपर गेला, वर्ष गेलं, पुढं शाळेत मन लागलं नाही. त्याचा दोष मी कोणाला देत नाही. शाळा तशीही माझ्या हातून सुटलीच असती.

सहाव्या दिवशी कुत्रं मेलं. जवळ जायला सगळे भीत होते. बाया लांबून भाकरीचे तुकडे फेकायच्या, पण पाणी फेकता येत नाही. ऊन तर तुम्हाला आठवतच असेल. सगळा पारा म्हणाला, बघा, पिसाळलेलंच होतं. तुम्ही मला छातीशी धरलं. पुढं कोणाच्याही लग्नात, बारशात तुम्ही सांगायचे, "चौदा सुया घेतल्या माह्या पोट्ट्यानं, हूं की चूं नाही केलं. देवानंच वाचवला." मी शेजारी मान खाली घालून उभा राहायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. माझ्या लग्नातही तुम्ही सांगितलंत. सिलतऱ्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर मला लावून द्यायला आलात, तेव्हा तिथल्या साहेबालाही सांगितलंत.

तर नेपाळच्या त्या घाटात मी हे जावयाला सांगितलं. खिळ्यांची फळी, हव, तांबडं कुत्रं. म्हणालो, मी एकदा कुत्र्यावर खोटा आळ घेतला आहे, आता दुसऱ्यांदा घेणार नाही. ह्यानं चावलं ते माझ्यामुळं. त्यानं घाटातलं पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "ठीक है बाबूजी. रहने दो." पोर डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, आपने उसके मुँह से चिकन निकाला, तो गुस्सा तो आएगा ना." मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "मग ते कुत्रं भुकेनं मेलं का, बाबा?" मी म्हणालो, उन्हानं.

कुत्रा राहिला. आत्ता मी लिहितो आहे तर तो कूलरसमोर पसरला आहे, आणि माझ्या तीन सुया राहिल्या होत्या त्याही झाल्या. साठ वर्षांनी जे तुम्हाला सांगायचं ते मी मोटारीत बसून दुसऱ्यांना सांगून टाकलं. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण मुलीनं विचारलं तेव्हा मी एक गोष्ट गाळली.

कुत्रं बांधल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना मी लोटा भरून लिंबापर्यंत गेलो होतो. कुत्र्यानं मला पाहिलं आणि शेपूट हलवली. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे तेव्हा पाऱ्यातलं लहान पोरही जाणत होतं. ते पाणी प्यायलं असतं आणि कोणी पाहिलं असतं, तर सगळं उघड झालं असतं. संध्याकाळी तुम्ही मला दांड्यावर बसवून न्यायला सायकल काढणार होता. मी तिथंच उभा राहून लोटा मातीत ओतला आणि घरी आलो. हे मी मुलीला सांगितलं नाही, आणि तुम्ही आत्ता समोर बसला असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.