गोड बोलण्याचे चाळीस दिवस

आवडी, चेन्नई
१२ मार्च २०२५

ती. चारूताईस,
रत्नाकरचा प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पाच तारखेला, राखेच्या बुधवारी, आमचे तमिळ पाळक म्हणाले, यंदा लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपासात मटण सोडलं नाही तरी चालेल, टोचून बोलणं सोडा. इस्टरपर्यंत कुमुदिनीला एकही कडू शब्द बोलायचा नाही, असं ठरवलंय. तू हसशील. कारखान्यात मशिनांच्या आवाजावर ओरडून माझी बोली अशी झाली, असं मी सांगत आलो. पण माझ्या शेजारचा फोरमन त्याच आवाजात राबला आणि घरी बायकोशी हळू बोलायचा.

आठवडा निभावला. परवा भात करपला, तो मुकाट्याने खाल्ला. तिचं पोट अजून दुखतं, औषध चालू आहे. दोघांसाठी प्रार्थना कर.

तुझा,
रत्नाकर


आवडी
२४ मार्च

ती. चारूताईंना,
कुमुदिनीचा सलाम.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. हे फार बदललेत. भात करपला तर काही बोलले नाहीत. माझा चष्मा हरवला तर स्वतः खाली वाकून शोधत बसले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही. लेंटचा नेम आहे म्हणतात.

ताई, तीन तारखेला आम्ही दोघं हॉस्पिटलात माझा रिपोर्ट आणायला गेलो. डॉक्टर यांच्याशी तमिळमध्ये बोलले, मला फारसं कळलं नाही. आतड्याला सूज आहे, असं यांनी सांगितलं. आणि दोनच दिवसांनी हे गोड बोलणं सुरू झालं. काल मी मुद्दाम यांचा शर्ट इस्त्रीने जाळला. तर म्हणाले, राहू दे, जुनाच होता. मी मोरीत जाऊन रडले.

तुम्हाला काही लिहिलंय का त्यांनी? असेल तर मला कळवा. माया कमी करू नका.

तुमची,
कुमुदिनी


जालना
३१ मार्च

चि. रत्नाकरला,
ताईचे आशीर्वाद.

कुमुदिनीचं पत्र आलं. रिपोर्टात काय आहे ते तू मलाही लिहिलं नाहीस, म्हणजे मी समजले. तिला खरं सांग. तिच्या शरीरातली गोष्ट तिलाच ठाऊक नाही, आणि तू वर गोड बोलतोस. असा नेम प्रभूला कशाला हवा असेल?

लहानपणी तू बाबांच्या ठसक्यात आईला तोडून बोलायचास आणि आम्ही बहिणी हसायचो. आई हसत नव्हती, हे मला आता आठवतं. म्हणून सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. पण सांग. गुड फ्रायडेची वाट बघू नकोस.

तुझी,
ताई


आवडी
२१ एप्रिल

ती. ताईस,
सलाम.

तुझं पत्र मिळूनही चार दिवस धीर झाला नाही. इस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चहून आल्यावर सांगितलं. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, पसरला आहे, डॉक्टरांनी तीन-चार महिने दिलेत. ती रडली नाही. हे गोड बोलणं त्यासाठीच का, एवढं विचारलं. आधी मी नाही म्हणालो. मग म्हणालो, मलाच नक्की माहीत नाही. ते खरं होतं.

मग म्हणाली, एखाद्याचा पाय जन्मापासून आखूड असतो, तशी तुमची जीभ, असं मी धरून चालले होते. आखूड पायाच्या माणसावर कोण रागावतं? पण तुम्हाला नीट बोलता येत होतं. मग इतकी वर्षं का बोलला नाहीत?

मी उठून तिची औषधं काढायला गेलो.

काल इस्टर झाला. ती चर्चला आली नाही, मला मात्र जा म्हणाली. तिथे पाळकांनी हात हातात घेऊन विचारलं, नेम कसा झाला. मी म्हणालो, पाळला. घरी येऊन पुन्हा तसंच हळू बोललो, आता दुसरं काही बोलवत नाही. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणते, परक्या माणसाला म्हणावं तसं.

जमेल तितक्या लवकर ये. तिला मन मोकळं करायला कुणीतरी हवं आहे, आणि तो मी नाही.

तुझा,
रत्नाकर