पांढरे आणि रंगीत

रविवार, दुपार

प्रिय,

बादलीतलं पाणी लाल होतंय. ते बघत बसण्यापेक्षा तुला लिहावं म्हटलं. तू बरी असशील. मी बरा आहे. ताईंना नमस्कार सांग.

ताईंचा निरोप मिळाला. 'तिचे उरलेले कपडे पाठवून द्या, म्हणजे ती इथेच नोकरी बघायला मोकळी.' तुझी बहीण पहिल्यापासून मुद्द्याचं तेवढंच बोलते. कपाट उघडलं. तुझे एकीकडे, माझे दुसरीकडे. खोकंही आणलंय.

शब्दकोशाच्या कचेरीत सध्या 'एस' अक्षर चालू आहे. माझ्या वाट्याला 'सेग्रिगेट' आलं. अर्थ सोपा: सरमिसळीतून वेगळं काढणं, वेगळंच ठेवणं. माणसांबद्दल वापरला की शब्द क्रूर होतो, अशी टीप जोडली. अडलो उदाहरणांशी. पहिलं लिहिलं, 'धुण्याआधी पांढरे कपडे रंगीत कपड्यांतून वेगळे काढावेत.' दुसरं, 'तिने कपडे वेगळे काढले.' तिसरं, 'तिने दहादा सांगूनही त्याने कपडे वेगळे काढले नाहीत.'

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. आपण त्यांना 'स्वल्पविराम' म्हणायचो ना, ते अजूनही एक वाक्य सरळ पुरं करत नाहीत.

"अहो, हा कोश आहे, की तुमचा, म्हणजे, संसार?"

सगळे हसले. मीही हसलो. मग तिन्ही खोडून कचऱ्याचं उदाहरण घातलं. ओला, सुका.

तू गेल्यापासून धुणं अगदी तुझ्या शिस्तीने करतो. दोन ढीग करायला बसतो. दुसरा ढीग होतच नाही. माझं सगळं पांढरंच आहे, हे तू कधी बोलली नाहीस.

आज खोकं भरताना तुझी लाल ओढणी हाती आली. तीच, रंग जाणारी. 'हिला हात लावलास तर बघ,' म्हणायचीस. ती माझ्या शर्टांबरोबर भिजत घातली.

चुकून नाही.

खोक्याचं तोंड उघडंच ठेवलंय. तू स्वतः 'पाठव' म्हणालीस तर पाठवीन. ताईंच्या सांगण्यावरून नाही.

तुझ्या ओरडण्याची वाट बघणारा,
मी

ता. क. सोमवार, सकाळ. शर्ट गुलाबी झाले. त्यातलाच एक घालून कचेरीला निघालोय. पत्र वाटेत टाकतो. खोकं घरीच आहे.