मामांच्या हाताच्या मापाचे हातमोजे

बाळकुम, सोमवार, ८ डिसेंबर

आदरणीय महेंद्र मामा यांस मृणालचा सप्रेम जय भीम.

खुशाली खाली विचारते. आधी काल जे झालं ते क्रमाने.

१. सामना सरावाचा होता. तुम्ही शिकवता त्या मोहने गावच्या मुली विरुद्ध आमच्या बाळकुमच्या मुली.
२. तुमची कीपर अंतरा. तिने कीपिंग ग्लोव्हजच्या आत मी बनवलेले संरक्षक हातमोजे घातले होते.
३. तिच्याकडून चार झेल सुटले. आधीच्या अकरा सामन्यांत मिळून दोन सुटले होते.
४. तुम्ही तिला बाजूला घेऊन, पण सीमारेषेपर्यंत ऐकू जाईल असं, विचारलंत, "हात घरी ठेवून आलीस का गं?"
५. मग तुमच्या मापाची जोडी घालून तुम्ही सहाच्या सहा चेंडू टिपलेत आणि जाहीर केलंत की मोज्यात खोट नाही.
६. येत्या रविवारच्या जिल्हा निवड चाचणीच्या यादीतून तुम्ही तिचं नाव काढलंत.

आता खुशाली. तुमची तब्येत बरी असावी (काल आवाज तरी उत्तम होता). सुमेधा मामींचा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो" म्हणते, आणि माझी तेवीस टक्के बॅटरी त्यातच जाते.

मोज्याची गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. मी कोलशेतच्या कंपनीत कार्बन फायबरचे भाग बनवते. कीपरच्या बोटाच्या टोकावर चेंडू आदळला की पहिलं पेर मोडतं. म्हणून प्रत्येक बोटाला कार्बन फायबरच्या कापडाचं, भट्टीत भाजून कडक केलेलं एक पातळ टोपण करायचं, त्याला सांध्यापाशी बारीक बिजागरी बसवायची आणि मार मागच्या जाड हाडावर ढकलायचा, अशी माझी कल्पना. टोपणाला साचा हवा, साच्याला हात हवा. तुम्ही म्हणालात, कीपरचा हात बघायचा असेल तर दुसरीकडे कशाला जायचं. दातांचे डॉक्टर वापरतात ती गुलाबी पेस्ट मी मामींच्या पातेल्यात कालवली. तीन मिनिटं हात हलवायचा नव्हता. दुसऱ्या मिनिटाला तुम्ही कारखान्यांच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याची हकिगत काढलीत, आणि ती तुम्हाला हाताशिवाय सांगता येत नाही. दुसरं पातेलंही त्याच सामन्यात गेलं. तिसऱ्या वेळी मामी लाटणं घेऊन समोर बसल्या, तेव्हा साचा मिळाला. प्लास्टरचा हात शोकेसमध्ये ठेवला, तर शेजारचे पोपटकाका बघून म्हणाले, "महेंद्रचा? बोलत नाही म्हणून ओळखला नाही."

आता चूक कुठे झाली ते. तुमच्या डाव्या हाताची अनामिका पहिल्या पेरापाशी बाहेर वळलेली आहे, बावीस अंश. साचा तुमचा, म्हणून बिजागरीही तेवढीच तिरकी बसली. तुमच्या बोटावर ती लोण्यासारखी फिरते. अंतरासाठी मी संगणकावर तुमचा हात अकरा टक्क्यांनी लहान केला. हात लहान होतो, मामा, अंश लहान होत नाहीत. सरळ बोटावर तिरकी बिजागरी अडकते आणि बोट मिटत नाही. मिटलं नाही की चेंडू उसळून बाहेर पडतो. चारही झेल डाव्या हातातून सुटले. तुम्ही टिपलेल्या सहा चेंडूंनी एवढंच सिद्ध झालं की तुमचे मोजे तुम्हाला होतात.

सामन्यानंतर अंतरा पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. तिच्या डाव्या अनामिकेच्या सांध्यावर लाल वळ होता. म्हणाली, "ताई, बोट मिटतच नव्हतं ओ. सरांना नका सांगू, म्हणतील कारणं देते." (तिने मला सांगू नका म्हटलं आणि मी सांगते आहे. तिला हे माहीत आहे. तिची परवानगी घ्यायला मला पाऊण तास लागला.)

तुमचं बोट कसं मोडलं हे तुम्ही दर वेळी निराळं सांगता. मामींकडून खरं कळलं. त्या अंतिम सामन्याच्या पहिल्याच दिवशी मोडलं होतं. तुम्ही आईस्क्रीमची काडी लावून चिकटपट्टी गुंडाळलीत आणि दोन दिवस खेळलात. डॉक्टरकडे गेला नाहीत, कारण गेलात तर संघातली जागा दुसऱ्याला मिळाली असती. शर्टाचं वरचं बटण अजून मामीच लावतात, असंही कळलं. तेव्हा दुखतंय हे न सांगण्याचं कारण काय असतं, ते मी तुम्हाला समजावत नाही.

अंतरा सतरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही. चाचणी एकच आहे.

मामींना नमस्कार.

आपली भाची,
मृणाल

ता. क. नवा साचा अंतराच्या हातावरून घेतला. तीन मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. टोपणं बुधवारी भट्टीतून निघतील. तपासून समाधान झालं तरच देईन. नाहीतर रविवारी ती ग्लोव्हजच्या आत नेहमीचे साधे सुती मोजे घालून खेळेल.

ता. क. २. वरचं पत्र वाचून असं वाटेल की तुम्ही तुमचाच हात घ्यायला लावलात म्हणून हे झालं. ते अपुरं आहे. ते बावीस अंश मी काल मोजले नाहीत. साचा निघाला त्याच संध्याकाळी मोजले होते, वहीत तारीख आहे. तुम्ही तो हात सगळ्यांना दाखवत होता. त्यात दोष आहे हे मला तुमच्यासमोर म्हणवेना. वाटलं, पुढे जुळवून घेता येईल. ते माझ्या कामात चालत नाही. चूक माझी आहे. मुलींना तसंच सांगा, किंवा मी येऊन सांगते. तुमच्या बोटाचा विषय काढायची गरज नाही.

अंतराचं नाव यादीत परत घालणार का, ते शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत कळवा.